पाहुणचार पुरे, आता काम द्या



दहावी-अकरावीच्या वयाची मुलं एका शैक्षणिक वर्षासाठी परदेशात जातात, तिथल्या एखाद्या कुटुंबात राहतात आणि तिथल्याच शाळेत शिकतात, हे आता आपल्याकडेही ऐकायला मिळतं. याला विद्यार्थी विनिमय किंवा सरळ ‘एक्सचेंज’ म्हणतात. कुणाची मुलगी अशी अमेरिकेला निघाली की शेजारीपाजारी म्हणतात, “नशीब काढलं पोरीनं!” सगळ्यांच्या डोळ्यांपुढे न्यूयॉर्कच्या उंच इमारती असतात. पण यातली कितीतरी मुलं जाऊन पोचतात ती मक्याच्या शेतांच्या मधोमध वसलेल्या तीन-चार हजार वस्तीच्या गावात. तिथे एकच हायस्कूल, एक किराणा दुकान, एक पेट्रोल पंप. एसटी नाही, रिक्षा नाही. शहर आपण निवडायचंच नसतं. जे कुटुंब आपल्याला घरात घेईल, त्याचं गाव ते आपलं गाव.

माझं मत आधीच सांगून टाकते. नवीन मूल शाळेत रुजतं ते स्वागतानं नव्हे, इतरांना ज्याची खरोखर गरज आहे असं काम त्याच्या हाती आल्यानं. डी.एड.ला बालमानसशास्त्राच्या पेपरात आपण ‘समायोजन’ पाठ केलं होतं, आठवतं? पुढे नोकरीत आल्यावर त्या शब्दाचा एकच अर्थ उरला, अतिरिक्त शिक्षकांचं समायोजन! त्याचा मूळ अर्थ मला पुन्हा दाखवला तो माझ्या भाचीच्या परदेशातल्या वर्षानं. चुलत बहिणीची ही मुलगी शिष्यवृत्ती मिळवून अमेरिकेतल्या आयोवा राज्यात दहा महिने राहून आली.

ही व्यवस्था चालते कशी?

हिचा इतिहास वाचण्यासारखा आहे. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांना रुग्णवाहिकेतून दवाखान्यापर्यंत पोचवणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांची ‘अमेरिकन फील्ड सर्व्हिस’ नावाची संघटना होती. दुसऱ्या महायुद्धातही त्यांनी हेच काम केलं. युद्ध संपल्यावर त्यांना वाटलं, की एका देशातली पोरं दुसऱ्या देशातल्या घरात जेवली, झोपली, शिकली, तर उद्या एकमेकांवर बंदूक रोखताना विचार करतील. म्हणून १९४७ पासून त्यांनी शाळकरी मुलांची देवाणघेवाण सुरू केली. रोटरी क्लबचीही अशीच योजना आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकन सरकारनं २००२ मध्ये ‘केनेडी-लुगर यूथ एक्सचेंज अँड स्टडी’ ही शिष्यवृत्ती आणली. एडवर्ड केनेडी आणि रिचर्ड लुगर या दोन सिनेटरांचं नाव तिला आहे. भारतातली मुलंही या योजनेतून जातात.

अमेरिकेचे यासंबंधीचे नियम बघा. मुलाचं वय १५ ते साडेअठराच्या दरम्यान हवं. राहायचं ते एक सत्र किंवा जास्तीत जास्त एक शैक्षणिक वर्ष. ज्या शाळेत जायचं, तिची लेखी संमती आधी हवी. जे कुटुंब ठेवून घेणार, त्यातल्या मोठ्या माणसांची गुन्हेगारी नोंद तपासली जाते. आणि या कुटुंबाला मूल ठेवून घेण्याचे पैसे मिळत नाहीत! स्वतःच्या ताटातलं वाढायचं, स्वतःच्या गाडीतून न्यायचं. शिवाय प्रत्येक मुलासाठी त्या भागातला एक समन्वयक नेमलेला असतो आणि त्यानं दर महिन्याला मुलाशी आणि कुटुंबाशी संपर्क साधायचा असतो. म्हणजे ‘या मुलाची चौकशी कोण करणार?’ याचं उत्तर मूल विमानात बसण्याआधीच ठरलेलं असतं. हा मुद्दा जरा लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे यायचं आहे.

घंटा वाजली की मुलं पळतात

आपल्याकडे वर्ग एका जागी आणि शिक्षक तासाला बदलतात. तिथे उलटं. शिक्षक आपापल्या खोलीत आणि मुलं या खोलीतून त्या खोलीत. दोन तासांच्या मध्ये चार-पाच मिनिटं. तेवढ्यात लॉकर उघडा, पुस्तक बदला, खोली शोधा. प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं. समुपदेशक बाईंबरोबर बसून विषय निवडायचे. भाचीनं अमेरिकेचा इतिहास, इंग्रजी, जीवशास्त्र, गणित असे नेहमीचे विषय घेतलेच, पण जोडीला सुतारकामाचा तासही घेतला. हो, तिथे हायस्कूलमध्ये लाकूड कापायला शिकवतात आणि त्याचे गुण मुख्य निकालात धरतात.

याचा एक परिणाम आपल्या चटकन ध्यानात येत नाही. आपल्याकडे नवीन मूल आलं की ते एका तुकडीचं होतं, एका बाकावर बसतं. शेजारी कुणीतरी असतंच. तिथे दर तासाला शेजारी बदलतो. सात तास, सात वेगळे घोळके. तुकडी नावाचं घरटंच नाही.

वर्गातही गोंधळ उडाला. शिक्षक आत आले की ही उठून उभी राहायची, बाकीचे बसलेलेच. गणित तिला सोपं गेलं. अडली ती इंग्रजीच्या तासाला. धडा समजला होता, शब्दार्थ येत होते. पण प्रश्न असा यायचा, की या पात्राचं वागणं तुला पटतं का? का पटतं? धड्यातून पुरावा दे. ती मला म्हणाली, “मावशी, मला उत्तर येतं गं, पण माझं उत्तर नाही येत.” हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. दहा वर्षं आपण मुलांना गाईडमधलं उत्तर लिहायला लावतो आणि मग कुणीतरी विचारतं, तुझं काय? आपण सगळ्यांनीच यावर विचार करायला हवा, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

कौतुकाचे पंधरा दिवस

स्वागत मात्र झकास झालं. शाळेच्या दारात तिच्या नावाचा फलक. पहिल्या शुक्रवारी फुटबॉलचा सामना. हा फुटबॉल म्हणजे हातात चेंडू धरून पळायचा अमेरिकन खेळ. सामन्याला अख्खं गाव लोटतं, आपल्याकडे यात्रेतल्या कुस्तीला लोटतं तसं. तिथे तिची ओळख करून दिली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुलींनी गराडा घातला. भारतात हत्ती रस्त्यावर फिरतात का? तुझं लग्न ठरलंय का? तू इंग्रजी इतकं चांगलं कसं बोलतेस?

आणि मग पंधरा दिवसांनी प्रश्न संपले.

यात त्या मुलींचा दोष आहे असं मला वाटत नाही. छोट्या गावातली ही मुलं बालवाडीपासून एकत्र वाढलेली असतात. त्यांच्या आया एकाच शाळेत शिकलेल्या असतात. त्यांच्या विनोदाला दहा वर्षांचा संदर्भ असतो. त्यात नवीन माणसानं शिरायचं कुठून?

मला हे कसं कळलं सांगते. सप्टेंबरात तिचे आवाजी निरोप रात्री साडेदहाच्या सुमारास यायचे. पोरगी रोज आठवण काढते म्हणून ताई खूश. मी एकदा सहज हिशेब केला. आपल्याकडे रात्रीचे साडेदहा म्हणजे त्या दिवसांत आयोवात दुपारचे बारा. म्हणजे जेवणाची सुट्टी! सगळी शाळा कॅंटीनमध्ये आणि ही फोनवर. विचारलं, तर म्हणाली, “लायब्ररीत बसलेय. इथे शांत वाटतं.” नंतर हळूच म्हणाली, “ताट घेतलं की कळत नाही ना, कुठल्या टेबलावर जायचं.”

मंडळी, शाळेचा दिवस मुलासाठी सात तासांचा नसतो. कित्येक मुलांसाठी तो त्या पंचवीस-तीस मिनिटांचा असतो. वर्गात जागा शिक्षक देतात. जेवणाच्या टेबलावर जागा फक्त मुलंच देऊ शकतात. त्यात ही शाकाहारी. आपण काय खात नाही आणि का, हे रोज रोज सांगणं म्हणजे रोज रोज आपण वेगळे आहोत हे सांगणं. दिवाळीही अशीच गेली. त्या दिवशी शाळेत चाचणी होती.

नोव्हेंबरात तिथे आंतरराष्ट्रीय शिक्षण सप्ताह असतो. शिष्यवृत्तीवर आलेल्या मुलांनी त्यात आपल्या देशाविषयी बोलायचं असतं. भाचीनं नऊवारी, शिवनेरी, वारी, सगळं दाखवलं. पुन्हा टाळ्या. चांगलाच उपक्रम आहे, माझा विरोध नाही. पण नीट बघा, त्या टाळ्यांनी ती परत पाहुणी झाली. दुसऱ्या दिवशी बारा वाजता पुन्हा लायब्ररी.

पाचवा फाऊल

फरक पडला तो एका साध्या गोष्टीनं. थंडी सुरू झाली की तिथे बास्केटबॉलचा हंगाम सुरू होतो. मुलींच्या संघाला गुणपुस्तक लिहायला कुणीतरी हवं होतं. अडीचशे मुलांची शाळा. कुणी बॅंडमध्ये, कुणी नाटकात, कुणी शेतकी क्लबात, एकेक जण तीन-तीन ठिकाणी. माणूसबळच कमी. प्रशिक्षक बाईंनी हिला विचारलं, “तुझं गणित चांगलं आहे म्हणे. मंगळवारी येशील?”

गुणपुस्तक म्हणजे गंमत नाही. कुणी बास्केट केली, किती गुणांची, कुणाचा फाऊल, कितवा, सगळं त्या क्षणी लिहायचं. हायस्कूलच्या खेळात पाच फाऊल झाले की खेळाडू बाहेर, आणि पाचवा झाला हे पंचांना सांगायचं काम लिहिणाऱ्याचं. सामना घरच्या मैदानावर असेल तर यजमान संघाचं पुस्तकच अधिकृत. हिला खेळाचा गंधही नव्हता. एका जुन्या मुलीनं शेजारी बसून आठवडाभर शिकवलं.

तिसऱ्या की चौथ्या सामन्यात हिनं एका खेळाडूचा फाऊल दुसरीच्या नावापुढे लिहिला. मध्यंतरात ते लक्षात आलं आणि संघाची कप्तान हिच्यावर चांगलीच तडकली. सगळ्यांसमोर. रात्री निरोप आला, आवाज रडवेला. आणि त्याच निरोपाच्या शेवटी ती हसली. म्हणाली, “मावशी, इथे आल्यापासून माझ्यावर पहिल्यांदा कुणीतरी चिडलं.”

पाहुण्यावर कुणी चिडत नाही हो. चिडतात ते आपल्या माणसावर, ज्याच्या चुकीनं आपलं नुकसान होऊ शकतं त्याच्यावर. ज्याच्या चुकीनं कुणाचं काहीच बिघडत नाही, त्याच्या असण्यानंही फारसं काही घडत नसतं. त्या दिवशी ती मुलगी त्या शाळेची झाली.

मग बाहेरगावचे सामने, रात्री बसमधून परतताना गाणी, वाटेत थांबून खाल्लेला पिझ्झा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीतले निरोप आता आमच्याकडे साडेअकराला यायचे. डिसेंबरात ते आलेच नाहीत. ताई काळजीत पडली, पोरगी विसरली का म्हणून. मी म्हटलं, अगं, पेढे वाट. तिला टेबल मिळालं.

“पण मॅडम...”

तुम्ही म्हणाल, हे तुमच्या भाचीचं झालं, सगळ्यांचं असं थोडंच होतं? खरंय. कुणाला टेबल मिळतच नाही. कुणाचं यजमान कुटुंबाशी जमत नाही आणि मध्येच घर बदलावं लागतं. छोट्या गावाचा जाचही असतो. या मुलांना सहसा गाडी चालवायची परवानगी नसते, त्यामुळे कुठेही जायचं तर कुणापुढे तरी तोंड वेंगाडायचं. उणे वीस अंशांच्या थंडीत तर घरातच कोंडून घ्यायचं. पण त्याच छोट्या शाळेचा एक फायदा आहे. तिथे माणसं कमी आणि कामं जास्त. दोन हजार मुलांच्या शाळेत गुणपुस्तक लिहायला नवख्या मुलीला कुणी विचारलं असतं का, याची मला शंका आहे. आपल्या दोन शिक्षकी, तीन शिक्षकी शाळांकडे ही श्रीमंती आहेच, आपण फक्त ती कमतरता म्हणून मोजतो.

दुसरा आक्षेप असा, की ज्याला भाषा येत नाही त्याच्यावर कामाचं ओझं कशाला? आधी रुळू द्या. मला वाटतं हा क्रम उलटा आहे. भाषा आल्यावर काम द्यायचं नसतं, कामामुळे भाषा येते. फक्त काम निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. त्यात बोलणं कमी आणि अचूकपणा जास्त असावा. पहिले काही दिवस एक जोडीदार असावा. आणि ते केलं नाही तर वर्गाचं खरंच अडावं. अडत नसेल तर ते काम नव्हे, खेळणं आहे, आणि मुलांना ते लगेच कळतं.

पालकांसाठी दोन शब्द

“एक वर्ष वाया गेलं ना?” हा प्रश्न ताईला शंभर जणांनी विचारला. बरोबरीची मुलं अकरावीचे क्लासेस उरकून पुढे गेली, ही आल्यावर पुन्हा अभ्यासाला लागली. मार्कांच्या हिशेबात वर्ष गेलंच म्हणा. पण फक्त इंग्रजी सुधारावं किंवा पुढे परदेशात जायची सोय व्हावी म्हणून पाठवत असाल, तर माझा सल्ला आहे, पाठवू नका. तेवढ्यासाठी हे फार महागात पडतं. पैशांनी नाही म्हणत मी. जिथे आपल्याला काहीच येत नाही अशा ठिकाणी उभं राहून, न लाजता, “मला दाखवाल का?” असं विचारता येणं, ही या वर्षाची खरी कमाई. ती गुणपत्रिकेवर छापून येत नाही.

आणि पाठवायचं ठरलंच, तर संस्थेला हे जरूर विचारा. समन्वयकाचं नाव काय? तो किती अंतरावर राहतो? शाळेत किती मुलं आहेत? घर बदलायची वेळ आली तर कोण ठरवणार? माहितीपत्रकावरच्या गुळगुळीत फोटोंपेक्षा ही उत्तरं महत्त्वाची.

आपल्या दारातले एक्सचेंज विद्यार्थी

आता ते लक्षात ठेवलेलं. आपल्या शाळांमध्येही दरवर्षी परक्या मुलखातून मुलं येतात. ऊसतोडीच्या हंगामात कोयत्यासोबत आलेली. वीटभट्टीवरची. बांधकामावर आलेल्या बिहार, उत्तर प्रदेश, कर्नाटकातल्या आईबापांची. भाषा वेगळी, पुस्तक वेगळं, मुक्काम चार-सहा महिन्यांचा. वयानुरूप प्रवेशाचा हक्क त्यांना शिक्षण हक्क कायद्यानं दिलाय. शिक्षण हमी कार्ड आहे, बालरक्षक आहेत. दाखला नाही म्हणून आपण त्यांना परत पाठवत नाही. म्हणजे दारापर्यंतची व्यवस्था बरीचशी आहे. मग वर्गात काय होतं? पहिल्या दिवशी गुलाबाचं फूल, नवं पुस्तक, गटावर फोटो. आणि पंधरा दिवसांनी ते मूल मागच्या भिंतीशी एकटं बसलेलं असतं. आयोवा काय आणि आपला तालुका काय, पंधरा दिवसांचा हिशेब सारखाच. फरक इतकाच, की तिथे गेलेल्या मुलीच्या मागे एक समन्वयक होता, एक कुटुंब होतं, शिष्यवृत्ती होती. या लेकरामागे कोप आहे आणि पहाटे तीनला फडात जाणारे आईवडील आहेत. ही मुलगी कंटाळली तर लायब्ररीत बसते. ते मूल कंटाळलं तर शाळेत यायचंच बंद होतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच. फूल द्या, फोटोही काढा. पण आठवडा उलटायच्या आत त्याच्या हातात एक काम द्या. पोषण आहाराला किती ताटं लागणार, ते सगळ्या वर्गांत फिरून मोजून स्वयंपाकीण ताईंना सांगायचं. ग्रंथपेटीतल्या पुस्तकांची नोंद ठेवायची. परिपाठाला आजचं तापमान फळ्यावर लिहायचं. तासाची घंटा द्यायची. आकडे आणि ठोके कुठल्याही भाषेत सारखेच असतात. आणि ताटांचा आकडा चुकला तर कुणीतरी उपाशी राहील, हे त्यालाही कळू द्या.

एक सावधगिरी मात्र बाळगा. झाडू मारणं, पाणी भरणं हे काम ‘त्या’ मुलांच्याच वाट्याला येत असेल, तर ती जबाबदारी नव्हे. घरी जे नशिबी आहे तेच शाळेत पुढे चालू ठेवणं झालं ते. ते काम सगळ्यांनी पाळीपाळीनं करावं. मी म्हणतेय ते मानाचं काम, जे मिळावं असं वर्गातल्या इतरांनाही वाटतं.

या दिवाळीनंतर तुमच्या वर्गात असं एखादं मूल आलं, तर पंधराव्या दिवशी मधल्या सुट्टीत ऑफिसात न बसता व्हरांड्यात उभं राहून एक चक्कर मारा. वाचन येतं का, बेरीज येते का, हे नंतर तपासू. ते कुणाशेजारी बसून जेवतंय, एवढं आधी बघा.